काहीच न उचलणारा खांब

"अबे, हे कोन्या देवाचं हाय ते सांग आधी, मंग काढतो जोडे!"

काकाजी ओरडले आणि नागपूरच्या नव्या अजबखान्याच्या पायऱ्यांवरची कबुतरं जी उडाली ती थेट वर्धा नदीच्या काठावर जाऊन बसली. दारातला चपराशी मात्र जागचा हलला नाही.

"देवाचं नाई," तो म्हणाला. "सरकारचं हाय."

"सरकार अंदर राहाते?"

"नाई."

"मंग कोन राहाते?"

"कोनीच नाई. पाहाची जागा हाय. मूर्त्या हायेत, तसबिरी हायेत. पाहाचं अन् घरी जाचं."

"म्हंजे देव हाय, पूजा नाई. घर हाय, चूल नाई. अन् अशा जागी म्या जोडे काढू?"

"नका काढू," चपराशी म्हणाला. "कोनी सांगतलं तुमाले काढा म्हनून?"

हे काकाजी म्हणजे अमरावतीतले आमचे घरमालक. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड होतं आणि कापसाच्या बाजारात मी त्यांच्याच जोडीनं दलाली करत असे. त्यांचं पाळण्यातलं नाव त्यांच्या आईला ठाऊक असेल तर असेल. सारा बाजार त्यांना काकाजी म्हणे. आवाज असा, की ते अमरावतीत शिंकले तर बडनेऱ्याचे लोक "सत्य हाय" म्हणत. नांदगावची एक म्हातारी ठार बहिरी होती. काकाजी एकदा तिच्या अंगणात उभं राहून आपल्या बैलावर खेकसले, आणि त्या दिवसापासून म्हातारीला सुनेचं सगळं बोलणं ऐकू येऊ लागलं. ती सून अजून काकाजींच्या नावानं बोटं मोडते.

पण या ओरडण्यावर जो भुलला तो बुडाला. काकाजींचं म्हणणं सरळ होतं : "तोंड देवानं ओरडायले देल्लं. बोलायले हात देल्ला."

आमचा बाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना हे सांगावं लागेल. कापसाचा सौदा आमच्याकडे तोंडानं होत नसे. हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं, आणि आत बोटांनी भाव बोलायचा. बोटं किती धरली, पेर कुठलं दाबलं, एवढ्यावर गाड्यांच्या रांगा इकडच्या तिकडे होत. भोवती सारा गाव उभा असला तरी कळायचं त्या दोघांनाच. वरून तोंडानं वाटेल ते ओरडावं. "जमत नाई, मेलो, बुडालो, पोरं उपाशी मारतं का" हे सगळं हवेतलं. उपरण्याखालचं तेवढं खरं. त्याला साक्षीदार नाही. एकदा बोट दाबलं की दाबलं. मग कापसाला कीड लागो की आग लागो.

काकाजींचा उजवा हात या कामात इतका मुरलेला होता, की तो झोपेतही सौदे करी. घरीसुद्धा तीच रीत. काकू वाढायला आल्या की ते उपरणं पसरत, काकू त्याखाली हात घालत, आणि अजून किती भाकरी हव्यात ते आत ठरे. वरून काकाजींचा ओरडा चालूच असे, की बस झालं, पोट फुटून राहिलं. एकदा एका ज्योतिष्यानं भविष्य सांगायला त्यांचा हात धरला. काकाजींनी सवयीनं वर उपरणं टाकलं. भविष्य राहिलं बाजूला, ज्योतिष्याची गाय विकली गेली.

ते दिवसच तसे होते. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या मुलखात भावाभावांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि दिवाळी आली ती आमच्या वऱ्हाडात. कापसाला असा भाव चढला की लोकांनी गाद्या उसवून रुई विकली. सारा जिल्हा दोन हिवाळे सतरंजीवर झोपला. रस्त्यानं पांढऱ्या केसांची म्हातारी चालली तरी परगावचा व्यापारी मागं वळून बघे. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्याची लोकांना लाज वाटू लागली. काकाजींनी आपल्या दमणीला चांदीची बसवली.

ही दमणी म्हणजे दोन बैलांची बसायची हलकी गाडी. पण काकाजींची दमणी नुसती गाडी नव्हती. अकोल्याच्या सुतारानं ती दोन वर्षं घडवली होती. बसायच्या साट्यावर मोर, जुवावर पोपट, आणि दांडीच्या टोकाला एक असा हत्ती कोरलेला, की उन्हाळ्यात बैल त्याच्या सावलीला उभे राहत. काकाजींचा जीव त्या गाडीत. काकू म्हणत, "मी बुडाली त हे आधी गाडी काढतीन, मंग मले."

तर अशा त्या भरभराटीच्या हंगामात एका दुपारी अकोल्याचे मिर्झासाहेब आमच्या ओसरीवर येऊन बसले. तेही दलाल. अकोल्याच्या बाजारात जसा त्यांचा हात, तसा अमरावतीत काकाजींचा. दोघं भेटले की एकमेकांना शिव्या देत आणि एकमेकांवाचून जेवत नसत. मिर्झासाहेब नागपूरला जाऊन आले होते.

"काकाजी, सरकारनं अजबखाना बांधला. चीज है," ते म्हणाले. "पन एक खंबा असा हाय, की वो कुछ उठाताइच नै."

"काय?"

"कोपऱ्यात उभा हाय. उगवतीकडे. वर छत हाय, खाली खंबा हाय, अन् बीच में हवा. खुदा कसम, म्या आपल्या डोळ्यानं पायलं."

काकाजी उठून उभे राहिले. "मिर्झा, तू अकोल्याचा हायेस, थोडं खोटं बोलशील हे म्या धरून चालतो. पन सरकार दगडाचा खांब उभा करन अन् त्याले काम देनार नाई? खांब म्हंजे हमाल. बिनवझ्याचा हमाल कोनी ठेवते?"

दुसऱ्या दिवशी हा वाद बाजारात गेला आणि मग कापसाचं बोलणं बंद पडलं. कोणी म्हणे गवंड्याचं माप चुकलं. कोणी म्हणे दगड सरला. एका मारवाड्यानं निकाल दिला, की छत अजून वाढतंय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टेकेल. एवढ्या मोठ्या इमारतीचं तोंड कुणीकडे, हाही झगडा होताच, कारण मिर्झासाहेब सांगत की तिला चारी बाजूंनी दारं आहेत, आणि ज्या घराला चार तोंडं त्यावर भरवसा कोण ठेवणार? आठ दिवसांनी अर्धा बाजार खांब आहे म्हणणारा आणि अर्धा नाही म्हणणारा झाला. काकाजी नाही म्हणणाऱ्यांचे पुढारी. शेवटी त्यांनीच दमणी जुंपली. मिर्झासाहेब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे काकाजी. आगगाडी तेव्हा अजून यायची होती. वाटेत गावोगाव लोक चाकांची चांदी बघायला उभे राहत, आणि काकाजी त्यांना ओरडून सांगत, "नसलेला खांब पाहाले चाललो!"

असे आम्ही त्या पायऱ्यांपाशी आलो होतो.

जोडे पायांत ठेवूनच काकाजी आत शिरले. शिरल्या शिरल्या ओरडले, "कोनी हाय का?" आणि वर, छताच्या पोटातून, तोच आवाज दुप्पट होऊन खाली आला. काकाजी जागीच थांबले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलं होतं. त्यानंतर ते आत पुन्हा ओरडले नाहीत.

आणि खरं सांगतो, ओरडण्यासारखी ती जागाच नव्हती. छत एवढं उंच, की एक चिमणी आम्ही आलो तेव्हा खालून निघाली होती ती आम्ही परतलो तेव्हा पोचली. वरच्या रंगीत काचांतून ऊन असं उतरत होतं, की मिर्झासाहेबांची दाढी एका पावलाला हिरवी आणि दुसऱ्याला केशरी होई. एका तसबिरीत द्राक्षांचं ताट होतं. त्यातलं एक द्राक्ष मिर्झासाहेबांनी खाल्लेलं मी पाहिलं. ते नाही म्हणतात. दुसऱ्या तसबिरीत एक पागोटेवाला सरदार असा बघत होता, की मी त्याला रामराम घातला आणि मग बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिलो, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

एका दालनात जमिनीतून निघालेली काळ्या दगडाची एक बाई उभी होती. किती जुनी ते देवालाच ठाऊक. दोन्ही हात खांद्यापासून तुटलेले. ओठांवर मात्र हसू, जसं काही आत्ताच कोणी दारात आलंय. काकाजी तिच्यासमोर थांबले. आम्ही ते दालन फिरून आलो, पुढचं फिरून आलो, तरी ते तिथेच. उपरणं हातात घेतलेलं, टाकायला जागा नाही.

मी जवळ गेलो तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "हात नाई हो हिले."

"तुटले असतील."

"थेच म्हनतो. हात नाई, तोंड उघडत नाई, अन् हिचं सारं म्हननं समजून राहिलं मले. हे कसं?"

मी खाली बघितलं तर काकाजींच्या पायांत जोडे नव्हते. ते दालनाच्या उंबऱ्याबाहेर नीट शेजारी शेजारी ठेवलेले होते. कधी काढले, आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. जोडे तिथेच राहिले, कारण नंतर जे झालं त्यात ते कोणाच्या लक्षात आले नाहीत.

बाहेरून वळसा घेऊन आम्ही उगवतीकडच्या कोपऱ्याशी आलो. खांब होता. मिर्झासाहेब जन्मात एकदाच तंतोतंत खरं बोलले होते. ओवरीचे बाकीचे खांब मान खाली घालून छत उचलत होते आणि हा एकटा कोपऱ्यात ताठ, डोक्यावर दगडी कमळ, कमळाच्या वर वीतभर रिकामी जागा, आणि मग छत. काकाजींनी दमणी तिथे आणवली, साट्यावर चढले, आणि उपरणं त्या फटीतून आरपार घातलं. इकडून ओढलं, तिकडून ओढलं. कुठे अडलं नाही.

"अब बोलो," मिर्झासाहेब म्हणाले.

काकाजी खाली उतरले. हरल्याचं तोंड नव्हतं त्यांचं. ते मागं सरकत सरकत पार झाडापर्यंत गेले आणि तिथून सगळी इमारत एकदम डोळ्यांत घेतली. संध्याकाळचं तिरपं ऊन ओवरीतून येऊन त्या फटीतून निघून अंगणात एका पट्टीसारखं पडलं होतं.

"मिर्झा," ते म्हणाले, "बाकीचे सारे कामावर हायेत. हा एकटा आपल्यासारखा पाहाले आला."

तेवढ्यात इमारतीचा साहेब बाहेर आला. नकाशा त्यानंच काढलेला. उंच, लाल, आणि मराठी अशी बोलणारा, की प्रत्येक शब्द चिमट्यानं उचलून ठेवतोय.

काकाजींनी त्याला विचारलं, "साहेब, हा खांब काईच उचलत नाई."

"नाही," साहेब म्हणाला.

"चुकला?"

"चुकला नाही."

"मंग कावून उभा केला?"

साहेबानं वर बघितलं. थोडा विचार केला. "मला आवडला," तो म्हणाला.

आमच्या बाजारात माणसं हजार कारणं देतात. भाव चढला म्हणून, पाऊस लांबला म्हणून, सासरा मेला म्हणून. पण हे कारण त्या दिवसापर्यंत कोणी दिलं नव्हतं. काकाजी साहेबाकडे असे बघत राहिले, जसं आत त्या बाईकडे बघत होते.

मग साहेबाची नजर दमणीवर गेली. तो तिच्याभोवती एक फेरा फिरला, मोरावरून बोट फिरवलं, हत्तीपाशी वाकला, आणि त्याच्या तोंडून काहीतरी निघालं ते त्याच्या भाषेतलं होतं, पण आम्हाला समजलं. "ही गाडी," तो म्हणाला, "आत पाहिजे. लोकांनी बघितली पाहिजे." आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्यानं काकाजींपुढे हात केला.

काकाजींनी तो धरला. आणि वर उपरणं टाकलं.

मिर्झासाहेब पुटपुटले, "या अल्ला, सौदा." काकाजींनी आधी डोळ्यांनी माल दाखवला, एकदा गाडीकडे, एकदा खांबाकडे. मग आत हात चालू झाला. वरून तोंड सुटलं, "नाई जमत साहेब! मेलो! चांदीची धाव हाय!" साहेब आणखी लाल झाला, पण हात त्यानं काढून घेतला नाही. आतलं काही दिसेना, उपरणं तेवढं हलत होतं. शेवटी ते थांबलं. काकाजींनी ते उचलून खांद्यावर टाकलं.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"गाडी देल्ली. खांब घेतला. म्या एक बोट देल्लं, एकाले एक. त्यानं दाबलं."

बैल सोडले, दमणी तिथे ठेवली, आणि तीन इभ्रतदार दलाल दोन बैल हाकत अमरावतीकडे पायी निघाले. त्यांतला एक अनवाणी. गावोगाव लोक विचारत, गाडी कुठी? काकाजी सांगत, नागपूरले खांब घेतला, त्यात गेली. घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग खांब कुठी ठेवला?"

"जागच्या जागीच हाय."

काकू उठल्या आणि बैलांना पाणी दाखवायला गेल्या.

पुढं वर्षभर काकाजी आपल्या खांबाविषयी असे बोलत जसे लोक शिकायला ठेवलेल्या मुलाविषयी बोलतात. मोठा पाऊस झाला की त्यांना त्याची काळजी. बाजार हसे, पण प्रेमानं हसे, कारण तेव्हा प्रत्येकाच्या घरी हसायला पैसे होते.

मग त्या परमुलखातल्या भावाभावांची लढाई मिटली, आणि आमच्याकडे भावाभावांची जुंपली. कापूस असा कोसळला, की सकाळी घेतलेला माल दुपारी फुकट कोणी नेईना. आणि लोक ते करू लागले जे आमच्या बाजारात कधी झालं नव्हतं. उपरण्याखालचं बोट नाकारू लागले. मी दाबलंच नव्हतं, माझा हात घामेजला होता, तुला भास झाला. एका तरण्या व्यापाऱ्यानं काकाजींशी केलेला सौदा भर बाजारात नाकारला आणि वर म्हणाला, "काकाजी, तुमचा खांब जसा तुमचा, तसा हा सौदा माझा."

सगळे हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. त्या दिवसापासून काकाजींच्या उपरण्याखाली कोणी हात घालेना. ते सकाळी बाजारात जाऊन बसत, उपरणं मांडीवर, आणि सूर्य डोक्यावर आला की घरी येत. ओरडत नसत. काकू भाकरी विचारायला हात पुढं करत, तर ते तोंडानं सांगत, "एक."

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. अकोल्याला मिर्झासाहेबांनाही निरोप धाडला होता.

"तुमी दोघं नागपूरले जा," ते म्हणाले. "साहेबाले विचारा, खांब कोनाचा. एवढंच. म्या येत नाई. सौद्यातल्या मानसानं साक्ष काढाची नसते."

"काकाजी, साहेबाला उपरण्यातलं काय समजणार?" मी म्हणालो. "त्यानं रामराम करायला हात दिला होता."

"समजलं नसन त नाई म्हनन. त्यानं हो म्हनलं त म्या उद्या बाजारात बसतो. नाई म्हनलं त हे उपरनं चुलीपुढचं फडकं." मग उपरणं मांडीवर दुमडत म्हणाले, "त्याच्या हाताले जर समजलं नसन, त मंग मले जन्मभर जे समजत आलं, थेही भासच असन."

एव्हाना आगगाडी आली होती. बडनेऱ्याला मिर्झासाहेब डब्यातून हात हलवत होते. चांदूर गेलं, नदी गेली, आणि दोघांपैकी एकही काही बोलला नाही, ही त्या आगगाडीहून मोठी नवलाची गोष्ट.

अजबखान्यात मधल्या दालनात दमणी उभी होती. चाकं पुसलेली, मोरावर काचेतलं निळं ऊन. भोवती लोक कुजबुजत होते, जसं देवळात कुजबुजतात. एक म्हातारी हत्तीपुढे हात जोडून उभी होती. मला त्या गाडीत बसून मी शेंगा खाल्ल्याचं आठवलं आणि उगाच लाज वाटली.

साहेबाची चौकशी केली तर तो विलायतेला निघून गेलेला. त्याच्या जागी नवा आला होता, त्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आम्ही उगवतीकडच्या कोपऱ्याशी आलो. खांब तसाच ताठ. मिर्झासाहेब त्याला पाठ टेकून उभे राहिले. "काकाजी को क्या बोलेंगे?" ते म्हणाले. "झूट बोललो त त्याले हात धरूनच समजन."

तेवढ्यात ओवरीच्या टोकाकडून तोच जुना चपराशी येताना दिसला. मिर्झासाहेबांनी काही विचारायचं म्हणून विचारलं, "क्यों भाई, हा खंबा कोनाचा?"

"अमरावतीच्या दलालाचा," चपराशी म्हणाला. "जुना साहेब जातानी सांगून गेला. त्याले टेकू नका."